‘तपासणी’ करून घेतली आणि सहा लाखांना बुडालो

डोंबिवली पूर्वेचा आमचा वन बीएचके २०२२ साली विकायला काढला, तेव्हा एजंट म्हणाला, "काका, आधी इन्स्पेक्शन करून घ्या. रिपोर्ट हातात असला की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही." पटलं. इंजिनिअरही त्यानेच पाठवला. फी ६,५००.

सकाळी साडेनवाला आला. आमच्या आंघोळी नुकत्याच आटोपलेल्या. बाथरूमच्या मागच्या भिंतीला त्याने ओल मोजायच्या यंत्राच्या दोन पिना टेकवल्या, यंत्र कोकललं. मग हातोडीने कॉलम ठोकला. "ऐका काका, बद्द वाजतंय. आतलं लोखंड गेलंय." खरंच पोकळ वाजत होतं हो! देवघराशी उभ्या असलेल्या बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. रिपोर्टात लाल अक्षरांत आलं: स्लॅब व कॉलम धोकादायक, बँक कर्ज देणार नाही.

आठवड्यात एजंटने कर्ज न लागणारं गिऱ्हाईक आणलं. ४७ लाख मनात होते, ४१ला दिला. वर एजंटचे दोन टक्के, आणि त्याच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव.

भाचा सिव्हिलवाला. त्याने रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला. प्लास्टर सुटलं तरी असंच पोकळ वाजतं, त्यावरून लोखंडाचं काही कळत नाही. प्लास्टर काढून काँक्रीटवर चाचण्या घेतात: काँक्रीटच्या ताकदीसाठी रिबाउंड हॅमर, लोखंडाच्या गंजासाठी हाफ-सेल. यातली एकही झाली नव्हती. आणि भिंतीला लोणा असला तर ते पिनांचं यंत्र ओल नसतानाही कोकलतं.

जिव्हारी लागलं ते वेगळंच. बिल्डिंग १९८९ची. तीस वर्षं उलटली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सक्तीचं, महापालिका अधिनियमाचं कलम २६५-अ. आमच्या सोसायटीने आदल्याच वर्षी पालिकेकडे नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून ते करून घेतलं होतं. वर्गणी मीही भरली होती! फाइल सेक्रेटरींच्या कपाटात, शेरा ‘किरकोळ दुरुस्ती आवश्यक’. घर विकणार असाल तर पहिल्यांदा ती प्रत मागा. आणि एजंटने पाठवलेला तपासनीस दारातूनच परत पाठवा. मी प्रत मागितलीच नाही, दोन जिने उतरायचा कंटाळा.

आठ महिन्यांनी शेजारच्या वहिनींनी व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली. तोच एजंट, आमचाच फ्लॅट. कॉलमला नवा रंग, देवघराची फळी मात्र आमचीच. किंमत ४९ लाख. खाली ओळ होती: ‘सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट उपलब्ध.’