मांजरीतल्या काळ्या मातीत जाळीचं कुंपण: एक पावसाळा उलटल्यावर

पुण्याजवळ मांजरी बुद्रुकला आमचा चार गुंठ्यांचा प्लॉट आहे. समोर विटांची भिंत आणि लोखंडी फाटक, बाकीच्या तीन बाजूंना मिळून 198 फूट हिरवी पीव्हीसी कोटेड चेनलिंक जाळी. आत कढीपत्ता, दोन पपया, एक केशर आंब्याचं कलम, आणि जाळीवर तोंडली नि कृष्णकमळ. माल आणि बसवणं दोन्ही एकाच फेन्सिंगवाल्याकडे दिलं होतं, मार्चमध्ये. त्याचं नाव इथे देणार नाही. काम बसवल्यावर आठ दिवसांत फोटोसकट पाच तारे देणारी मंडळी पुष्कळ असतात. कुंपणाचा निकाल पावसाळा लावतो, म्हणून हे आत्ता, जानेवारीत लिहितेय.

आधी एकंदरीत मत: जाळी कोटेशनमध्ये लिहिली त्यापेक्षा बारीक, खांब त्याहून वाईट, पाया जवळजवळ नव्हताच. भांडल्यावर दोन बाजू नीट करून मिळाल्या.

कोटेशनपासून सांगते, कारण पुढचं सगळं त्या एका कागदावर निभावलं. पहिला कागद आला त्यात लिहिलं होतं, ‘चांगल्या प्रतीची जाळी, मजबूत अँगल, फिटिंगसह.’ मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे; ‘चांगल्या प्रतीची’ असं उत्तर एखाद्या मुलाने लिहिलं असतं तर अर्धा मार्कही दिला नसता. कागद परत पाठवला आणि आकडे भरून घेतले: जाळी 10 गेज (हा तारेच्या जाडीचा आकडा), उंची 5 फूट, खांबांसाठी अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, 40 बाय 40 बाय 5 मिलिमीटर, खांब साडेसहा फुटी, दर आठ फुटांवर एक, खड्डा दीड फूट, काँक्रीट 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी). शिवाय 15 टक्के रक्कम पावसाळा संपल्यावर. ‘मॅडम, असं कोणी करत नाही,’ म्हणाला, पण सही केली.

पहिला उन्हाळा काही वाटलं नाही. मे महिन्यात एवढंच दिसलं की पश्चिमेच्या बाजूचा हिरवा रंग पांढुरका पडतोय आणि तार जिथे वळते तिथे प्लॅस्टिकला बारीक चिरा पडल्यात. हलक्या पीव्हीसीचं उन्हात असंच होतं. पुढे पाणी त्या चिरेतून आत शिरतं, तारेला लागून राहतं, आणि गंज आवरणाच्या आतल्या बाजूने पसरत जातो. वरून हिरवंगार, आतून तपकिरी. साधी जीआय, म्हणजे नुसता जस्ताचा लेप असलेली जाळी निदान गंजताना दिसते तरी.

खरी गंमत जूनच्या पावसानंतर. या बाजूची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी मिळालं की तीच माती कणकेसारखी फुगते. फुगताना ती उथळ काँक्रीट बाजूला ढकलते, वर उचलते; पुन्हा सुकली की खांबाभोवती मोकळी फट सोडते. म्हणून या भागात खांब मुरूम लागेपर्यंत न्यायचा, किंवा खड्डा तरी खोल आणि तळाशी रुंद घ्यायचा, हे शेजारच्या शेतावरचा गडीसुद्धा सांगतो. वरचं काँक्रीट जमिनीच्या थोडं वर काढून उतार द्यायचा असतो, म्हणजे पाणी लोखंडाशी साचत नाही. आमच्याकडे काँक्रीट जमिनीखालीच संपलं होतं आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी डबकं.

जुलैअखेर पूर्वेचा कोपरा आत झुकला. कोपऱ्याच्या खांबावर दोन्ही बाजूंच्या लाइन वायरचा (जाळी ज्यांना बांधतात त्या आडव्या तारांचा) ताण एकदम येतो, तोही आतल्या दिशेने, त्यामुळे तिथे तिरपा टेका हवाच. तो दिलाच नव्हता. कोपरा कलला आणि अख्ख्या बाजूची जाळी सैल पडली. खालून कुत्री आत यायला लागली. मग शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीने एका दुपारी निवांत अंग घासलं आणि तीन खांब आडवे झाले. फेन्सिंगवाल्याचं म्हणणं, म्हशीची जबाबदारी तो घेत नाही. कुंपण नेमकं कशासाठी असतं, हे मी त्याला विचारलं.

आडवा झालेला खांब उपटून पाहिला. खड्डा जेमतेम फूटभर, आत विटांचे तुकडे आणि भुसभुशीत, बोटाने कुरतडता येईल असा माल. खांब सहाच फुटी कापलेला. मग जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर काढला. अँगलची जाडी 5 ऐवजी 3 मिलिमीटर. 40-40-5 चा अँगल मीटरला 3 किलो भरतो, 40-40-3 चा 1.8 किलो. आमचे 26 खांब. कोटेशनप्रमाणे साधारण 155 किलो लोखंड यायला हवं होतं, जमिनीत होतं 85 च्या आसपास. सत्तर किलो लोखंडाचे पैसे मी दिले आणि ते आलंच नाही.

जाळीचा प्रकार जास्त हुशारीचा. 10 गेज म्हणजे 3.25 मिलिमीटर तार, 12 गेज म्हणजे 2.64. प्लॅस्टिकवरून मोजलं तर कॅलिपर 3.3 दाखवत होता, म्हणजे अगदी बरोबर! ब्लेडने आवरण खरवडलं, तार निघाली 2.6. प्लॅस्टिकची जाडी धरून 10 गेज विकायची ही बाजारातली जुनी युक्ती आहे. फरक अर्ध्या मिलिमीटरचा वाटतो, पण लोखंड व्यासाच्या वर्गाप्रमाणे कमी होतं. 12 गेजमध्ये ते एक तृतीयांशाने कमी असतं. तेव्हा कोटेशनमध्ये ‘आतली तार 3.25 मिमी, कोटिंग सोडून’ असेच शब्द घाला.

प्लॅस्टिकखाली तारेवर जस्ताचा लेप किती आहे हेही बघितलं. खतांच्या दुकानात मोरचूद (कॉपर सल्फेट) मिळतं. काचेच्या ग्लासात त्याचं द्रावण करायचं, खरवडून पुसलेला तारेचा तुकडा मिनिटभर बुडवायचा, काढून धुवायचा आणि पुसायचा. जस्त शाबूत असेल तोवर वर बसलेला काळपट थर पुसला जातो. जस्त संपून लोखंड उघडं पडलं की तांबूस तांबं घट्ट चिकटतं. प्रयोगशाळेत हीच परीक्षा ठरलेल्या द्रावणात, ठरलेल्या तपमानाला, पुन्हा पुन्हा बुडवून घेतात. माझा तुकडा पहिल्याच बुडवणीत तांबडा झाला. घरची परीक्षा ढोबळच, पण इतका पातळ लेप लपत नाही. (मोरचूद विषारी आहे, तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.)

फोनवरची उत्तरं तुम्हाला पाठ असतील. लोखंड आहे, गंजणारच. पावसाळ्यात सगळ्यांचंच हलतं. कारागीर गावी गेलेत. वरूनच माल असा आला. या शेवटच्या उत्तरावर मी एवढंच म्हटलं, की पैसे मी तुम्हाला दिले, पावती तुमची आहे. तुम्हाला माल कोणी दिला ते तुम्ही बघा.

मग फोन बंद केले आणि पत्र लिहिलं. एका बाजूला कोटेशनमधला आकडा, समोर मोजलेला आकडा, कॅलिपर लावलेले फोटो, आणि दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवलं, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी अशा दोन्ही तक्रारी करता येतात. माल देऊन बसवूनही देणारा माणूस दोन्हींत येतो. जिल्हा आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोग वस्तू तपासायला प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून जाळीचा हातभर तुकडा आणि एक उपटलेला खांब मी बाजूला ठेवला, अजून ठेवलाय. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण तिथे निकाल लागत नाही हे धरून चाला.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. पत्रातल्या तक्त्याने काम केलं असावं, किंवा अडकलेल्या 15 टक्क्यांनी. मला दुसऱ्याची शंका जास्त. दिवाळीनंतर माणसं आली. पूर्व आणि दक्षिण बाजूचे खांब बदलले, या वेळी 5 मिलिमीटरचे. प्रत्येक अँगल ट्रकमधून उतरताना मी मोजला, कारागिरांना त्याची फार मजा वाटली. खड्डे दोन फूट, खाली मुरूम लागला. कोपऱ्यांना टेके दिले, तारांना टर्नबकल (ताण कमीजास्त करायचे स्क्रू) लावले, वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा पेंट मारला. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. जाळी दोन्ही बाजूंची नवीन, साधी जीआय, आतबाहेर एकच. रंग हिरवा नाही याचं मला काही वाटत नाही, वेल चढले की काय दिसणार आहे!

पश्चिमेची बाजू तशीच आहे. तिचे पैसे कापून घेतले. तिथे जाळीच्या आतून करवंदं लावलीत, दोन-तीन वर्षांत ती जाळीला सांभाळतील असा अंदाज. हळहळ एकाच गोष्टीची: खांब बदलताना तोंडलीचा जुना वेल मुळापासून गेला, आणि तो या हिशेबात कुठेच धरता आला नाही.

काही जण विचारतात, रेडीमेड सिमेंटच्या फळ्यांचं कंपाउंड का नाही केलं. खर्च जास्त, वारा अडतो, आणि काळ्या मातीत पाया उथळ असेल तर त्याही फळ्या कलतात. आमच्याच रस्त्यावर दोन ठिकाणी कलल्यात. आतलं दिसू नये असं असेल तर घ्या, पण खड्डा तिथेही मोजा.

फाटक मात्र अजून खाली टेकतंय. वरची बिजागरी बदलायची आहे. परवा त्याचा फोन आला, ‘मॅडम, उरलेला हिशेब कधी करायचा?’ म्हटलं, फाटक एका हाताने लागेल त्या दिवशी संध्याकाळी या.