कोलाडची ‘दुपारची बॅच’ घेण्याआधी हे वाचा

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला राफ्टिंगला जायचा बेत असेल आणि फोनवर कुणी दुपारी दोनची बॅच गळ्यात मारत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे शेवटपर्यंत वाचा. आमचे माणशी १,५०० रुपये गेले. त्याची चीड आहेच. पण माझ्या भावाच्या ११ वर्षांच्या मुलाला खोटं वय लिहून नदीत उतरवायला ही माणसं तयार होती. मुख्य म्हणजे त्यासाठी हे लिहितेय.

आधी कुंडलिका नदीबद्दल थोडं, कारण सगळी फसवणूक त्यातच आहे. इथलं राफ्टिंग पावसावर चालत नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. टाटांचं हे केंद्र १९२७ सालापासून आहे. वीज तयार झाली की ते पाणी पुढे कुंडलिकेत सुटतं आणि त्या पाण्यावर १२-१४ किलोमीटर राफ्ट चालतात. म्हणून भर मे महिन्यातही इथे राफ्टिंग होतं. पाणी किती वाजता आणि किती वेळ, हे वीजनिर्मितीवर ठरतं, पण बहुतेक दिवशी ते सकाळी येतं. एकदा उतरलं की नदीत खडक उघडे पडतात आणि राफ्ट पुढे सरकत नाही. नदीकाठच्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. आमचं बुकिंग घेणाऱ्यालाही ठाऊक होतं.

तो भेटला इन्स्टाग्रामवर. पांढऱ्याशुभ्र लाटांचे व्हिडिओ, ‘ग्रेड चार’चा दावा, वर ‘जेवणासह पॅकेज’. ग्रेड जितका वरचा, तितका प्रवाह अवघड; कुंडलिकेचा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडचा असतो. त्याने लावलेले व्हिडिओ ऋषिकेशजवळच्या गंगेचे होते, हे नंतर तिकडे जाऊन आलेल्या एका मैत्रिणीने बघताक्षणी सांगितलं. फोनवर माणूस अगदी गोड. “सकाळची बॅच फुल आहे ताई, दुपारची घ्या, गर्दी नसते, फोटो छान येतात.” थोडे पैसे देऊन जागा धरता येईल का, असं भावाने विचारलं. तर म्हणे, वीकेंडला पूर्ण पैसे भरल्याशिवाय सीट होल्ड होत नाही. क्यूआर कोड कुणाच्या तरी खासगी नावाचा होता आणि पावती ‘तिकडे मिळेल’. मुलाचं वय आम्ही स्पष्ट सांगितलं होतं. “चालतंय की,” एवढंच उत्तर आलं.

ताम्हिणी घाट उतरून आम्ही वेळेच्या आधी पोहोचलो. ठरलेल्या जागी स्कूटरवर एक पोरगा आला. बुकिंग घेणारा स्वतः कोलाडला नसतोच, हे तेव्हा कळलं. पोराने आम्हाला एका शेडमध्ये नेलं आणि समोर लाइफ जॅकेटांचा ढीग टाकला. मी उचललेल्या जॅकेटचं मधलं बक्कल तुटलेलं होतं आणि तिथे सुतळीची गाठ मारली होती. हेल्मेटला हनुवटीखालचा पट्टाच नव्हता. मग त्याने प्रत्येकापुढे इंग्रजीत छापलेला फॉर्म सरकवला. वहिनी वाचायला लागली तर म्हणाला, “वाचायचं काही नाही मॅडम, फक्त सही करा. आणि बाळाचं वय चौदा टाका.”

वहिनीने पेन खाली ठेवलं. तो हसत म्हणाला, “सगळेच टाकतात.”

हे वाक्य मला अजून सहन होत नाही. बहुतेक आयोजक १४ वर्षांखालच्या मुलांना वाहत्या पाण्यात घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मूल हलकं असतं, मोठ्यांच्या मापाचं जॅकेट त्याच्या डोक्यावरून निसटू शकतं. शिवाय उद्या काही झालं तर खोटं वय कुणी लिहिलं? आईने, स्वतःच्या सहीनिशी. म्हणजे तो कागद आयोजकाला वाचवायला आणि आपल्याला अडकवायला.

आम्ही सही करत नाही म्हटल्यावर त्याने नवीनच काढलं : यंदा पाऊस कमी झालाय, नदीला पाणी नाही, त्याऐवजी खालच्या संथ पाण्यात बोटिंग करा, पैसे तेच. शेजारी चहाच्या टपरीवर तिथलाच एक राफ्टिंग गाइड बसला होता. तो म्हणाला, “पाणी सकाळीच येऊन गेलं ताई. आता दुपारचं कुठलं पाणी?” बुकिंग घेणारे आपलं कमिशन कापून ज्याच्याकडे बोट रिकामी असेल त्याच्याकडे लोक पाठवतात, आणि पाणी चुकलं की बोटिंगवर भागवतात, हेही त्यानेच सांगितलं. आम्ही बोटिंग न करता परतलो.

तेव्हा बुकिंग करताना पहिला प्रश्न हा विचारा : नदीवर आमच्याबरोबर नक्की कुणाची टीम असेल? ते नाव मिळालं की थेट त्यांच्याशी बोला आणि त्या दिवशी पाणी कधी अपेक्षित आहे ते विचारा. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार राफ्टिंगसारखे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. त्या नोंदणीचा कागद मागा. पाणी आलं नाही तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्या. आमचं बुकिंग घेणाऱ्याने तर ‘नैसर्गिक कारणाने रद्द झाल्यास रिफंड नाही’ या ओळीत वीजकेंद्राचं वेळापत्रकही बसवलं!

काठावर पोहोचल्यावर लाजू नका. जॅकेट घालून, सगळे पट्टे आवळून, दुसऱ्याला ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर बदलून मागा. पाण्यात पडल्यावर उताणं राहायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवायचे आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दगडात अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. हे गाइडने राफ्ट सोडण्याआधी सांगायलाच हवं. पाण्यात पडलेल्याकडे दोर फेकायची पिशवी कुठे आहे आणि सोबत सेफ्टी कयाक (मदतीसाठीची छोटी होडी) असणार का, हेही विचारा. चांगल्या गाइडला या प्रश्नांचा राग येत नाही.

पैशांचं म्हणाल तर रिफंड मागितल्यावर दोन दिवस “साहेबांशी बोलतो” झालं, मग नंबर ब्लॉक. त्याआधी त्याने व्हॉट्सॲपवरचे स्वतःचे मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले. वहिनीने ‘दोनची बॅच कन्फर्म’ आणि मुलाच्या वयावरचं ‘चालतंय की’ यांचे स्क्रीनशॉट वेळीच काढले होते, म्हणून हातात पुरावा राहिला. १९३० या हेल्पलाइनवर सायबर तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दावा करता येतो, रायगडला खेटे घालावे लागत नाहीत, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. आमचा अर्ज तयार आहे, तो आम्ही पुण्यातच दाखल करतोय. त्यात पैशांबरोबर त्या फॉर्मवर लिहायला सांगितलेल्या वयाचाही उल्लेख केला आहे. तुमच्याकडूनही कुणी असं वय लिहून घेतलं असेल, तर तक्रारीत ते नक्की लिहा.