रोख बक्षिसाची ओपन की रँकिंगची स्पर्धा? एका एपीवाल्याचं मत

तलवारबाजीत वर्षभर सगळीकडे जाणं कुणालाच जमत नाही. एन्ट्री फी, प्रवास, सुट्ट्या, परत गुडघे आणि मनगटाचं काहीतरी चाललेलंच असतं, त्यामुळे कधी ना कधी हा पेच येतोच की एकाच वीकेंडला एकीकडे रँकिंग पॉइंट्सची स्पर्धा आणि दुसरीकडे रोख बक्षीस असलेली ओपन, म्हणजे कुणालाही उतरता येईल अशी स्पर्धा, तर बॅग कुठे न्यायची? मी दोन्हीकडे खेळलोय. एपी खेळतो, म्हणजे फॉइल, सेबर आणि एपी या तीन शस्त्रांपैकी एक, सीनियर गटात, आणि रँकिंगमध्ये मधल्या पट्टीच्या जरा खालीच, म्हणजे ज्याला पूलमधून (सुरुवातीच्या गटातल्या लढतींमधून) सूट मिळत नाही आणि टेबलमध्ये (त्यापुढच्या नॉकआउटमध्ये) बाय पण मिळत नाही अशा मोठ्या घोळक्यातला. हे आधीच सांगतोय कारण खालचं सगळं त्या जागेवरून दिसतं तसं लिहिलंय, वरच्या सोळातल्या माणसाला कदाचित वेगळं दिसेल.

पैशाचं पटकन उरकतो. फक्त पैशासाठी ओपनला जाऊ नका. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी रक्कम पहिल्या तिघा-चौघांतच संपते, पहिल्याला बऱ्यापैकी मिळते, दुसऱ्याचा येण्या-जाण्याचा खर्च निघतो आणि सेमीफायनल हरलेल्या दोघांची जेमतेम फी वसूल होते. शिवाय "एकूण बक्षीस अमुक" असं पोस्टरवर मोठ्या अक्षरात असलं तरी बारीक अक्षरात बघा, ती रक्कम पक्की आहे की एन्ट्री किती आल्या त्यावर ठरणार आहे. दुसरा प्रकार असेल आणि एन्ट्री कमी आल्या तर आकडा खाली येतो, यात फसवणूक नाही, आयोजकाला पण हॉल, मशीन आणि रेफ्री यांचे पैसे द्यायचेच असतात, पण आपल्याला आधी माहीत असलेलं बरं. आणि पुरुष, महिला दोन्ही गटांना सारखंच बक्षीस आहे ना हेही बघा, नसेल तर मला तरी तिथे जावंसं वाटत नाही.

काही लोकांना रोख बक्षीस म्हटलं की खेळ बाटल्यासारखं वाटतं. त्यांना एवढंच सांगतो की हे नातं आजचं नाही. ऑलिंपिकमध्ये एरवी हौशी खेळाडूंचाच आग्रह होता त्या काळात सुद्धा १८९६ च्या अथेन्सला तलवारबाजीच्या उस्तादांसाठी, म्हणजे शिकवून पोट भरणाऱ्या व्यावसायिकांसाठी, वेगळी फॉइल स्पर्धा होती, आणि १९०० च्या पॅरिसला तर एपीत उस्ताद आणि हौशी यांची एकत्र स्पर्धा झाली, ती फ्रान्सच्या आल्बेर आया यांनी जिंकली आणि त्यांना ३००० फ्रँकचं रोख बक्षीस मिळालं. तेव्हा पैशाची लाज नको.

आता खरी तुलना. रँकिंगच्या स्पर्धेला जे श्रेय आहे ते आधी देतो, कारण ते खरंच आहे. तिथे रेफ्री लायसन्सवाले असतात, वेपन कंट्रोल होतं, मास्क, बॉडी कॉर्ड (टच मशीनपर्यंत नेणारी अंगावरची वायर), सगळं तपासून शिक्का मारून मिळतं, मोठ्या स्पर्धेत व्हिडिओ रेफरलही असतं. आणि एक गोष्ट ओपनपेक्षा तिथे स्पष्टच चांगली, ती म्हणजे पॅसिव्हिटीचा, न लढता वेळ काढण्याचा, बंदोबस्त. नॉकआउटमध्ये एक मिनिट टच न होता गेला की रेफ्री घड्याळ बघून पी-कार्ड, म्हणजे पॅसिव्हिटीचं कार्ड, काढतो, त्यामुळे दोघं नुसते टोकं हलवत उभे राहत नाहीत. ओपनमध्ये हा नियम कागदावर असतो पण बरेच रेफ्री तो लावत नाहीत, आणि पुढे पैसे दिसत असले की काही जण स्कोअर बरोबरीत ठेवून जादाच्या मिनिटाची आणि प्रायॉरिटीची (त्या मिनिटात टच झाला नाही तर ती ज्याच्याकडे तोच जिंकतो) वाट बघत बसतात, चिठ्ठीत प्रायॉरिटी आपल्याकडे आली की मग तर काय, एक मिनिट मागे मागे जायचं. असली बाऊट, म्हणजे लढत, बघायला कंटाळवाणी आणि खेळायला त्याहून कंटाळवाणी. रोख बक्षिसाचा हा खरा तोटा आहे आणि मी तो झाकणार नाही.

रेफ्रींच्या बाबतीत मात्र वेपननुसार फरक पडतो. फॉइल आणि सेबरमध्ये दोन्ही लाईट लागल्या की राइट ऑफ वे, म्हणजे टच मिळण्याचा हक्क, कुणाचा हे माणूस ठरवतो, अटॅक कुणी सुरू केला, नुसती तयारी (प्रिपरेशन) होती का, पॅरी (ब्लेडने वार अडवणं) खरंच लागली का, आणि सेबरला तर हे डोळ्याची पापणी लवते ना लवते तोवर होतं, लॉकआउटच, म्हणजे एकाचा टच लागल्यावर दुसऱ्याचा धरला जाण्याचा वेळच, १७० मिलिसेकंदांचा आहे. अशा वेळी रेफ्री कच्चा असेल आणि १४-१४ वर पैशाचा टच असेल तर वाद ठरलेला. मी बाजूच्या पिस्टवर (खेळायच्या पट्टीवर) असे वाद बघितलेत, आणि दोन्ही खेळाडू आपापल्या जागी प्रामाणिक होते, म्हणून जास्त वाईट वाटलं. एपीत तो प्रश्नच नाही, ४० ते ५० मिलिसेकंदांच्या आत दोघांचे टच आले तर डबल, नाहीतर पहिल्याचाच, आणि हे मशीन ठरवतं. ब्लेडच्या टोकाची स्प्रिंग ठरलेलं वजन पेलते का बघायचं आणि टोकाच्या फटीत दोन शिम (मापाच्या पातळ पट्ट्या) लावून बघायच्या हे तर कुठेही रेफ्री पिस्टवरच करतो. म्हणून एपीवाल्याला ओपनमध्ये रेफ्रींची धास्ती फारशी नको, पण सेबरवाल्यांनी रेफ्री कोण आहेत हे विचारल्याशिवाय रोख बक्षिसाच्या स्पर्धेत जाऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे. फॉइलवाले अधेमधे, माझा तिथला अनुभव तोकडा आहे.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी माझा निर्णय ज्याच्यामुळे झाला ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे पूलनंतरचा कट.

सात जणांचा पूल, म्हणजे सहा बाऊट, प्रत्येक पाच टचची किंवा तीन मिनिटांची. सगळ्या बाऊट पूर्ण वेळ चालल्या तरी अठरा मिनिटं होतात आणि तशा त्या कधीच चालत नाहीत. मग रँकिंगच्या मोठ्या स्पर्धांमध्ये पूल संपले की खालचे वीस ते तीस टक्के लोक तिथेच बाहेर. आधी जिंकलेल्या बाऊटचं प्रमाण बघतात, ते सारखं आलं की इंडिकेटर, म्हणजे दिलेले टच वजा घेतलेले टच, आणि ते पण सारखं आलं की दिलेले टच. आमच्यासारख्यांचं नशीब नेमकं त्या इंडिकेटरवर लटकलेलं असतं. दोन जिंकल्या, चार हरलो, आता त्या चार हरलेल्यांपैकी दोन ५-४ ने हरलो की ५-१ ने, यात सहा टचचा फरक, आणि तेवढ्यात तुम्ही कटच्या वर किंवा खाली. एक जागेने खाली राहिलं की बॅग भरायची. अंग आत्ता कुठे गरम झालेलं असतं, हातात टायमिंग यायला लागलेलं असतं, समोर टेबल लागतंय, आणि आपण कपडे बदलतोय. जाण्यायेण्यात अख्खा वीकेंड गेला आणि खेळ झाला पाव तासाचा. हे माझ्याबरोबर झालं, परत झालं, आणि हरल्याचं दुःख मला तेवढं नव्हतं जेवढं न खेळल्याचं होतं.

याहून वाईट म्हणजे कट असला की आपला खेळच बदलतो. १-४ मागे असताना एपीत खरं शिकण्यासारखं काय असतं, तर धीर धरून समोरच्याला पुढे ओढायचं, हातावर टच शोधायचा, फ्लेशची, म्हणजे झेप घेऊन धावत करायच्या वाराची, वेळ साधायची. पण डोक्यात इंडिकेटर असला की माणूस नुसता अंतर राखून वेळ काढतो, ५-१ होऊ नये, निदान वेळ संपून ४-१ वर सुटावं म्हणून. दोघांना एकदम टच लागून बाऊट संपली तरी फरक तेवढाच राहतो, मग तो डबलही चालतो. म्हणजे सराव कशाचा झाला? कमी हरण्याचा. आणि त्यात सीडिंगचं चक्र आहेच, पॉइंट्स नाहीत म्हणून सुरुवातीचं सीडिंग तळाला, म्हणून पूलमध्ये दोन-तीन तगडे लोक नक्की, म्हणून पूलचा निकाल खराब, निघालो जरी तरी टेबलमध्ये समोर पहिल्या काहींतला कुणीतरी, म्हणून पुन्हा पॉइंट्स नाहीत. नियम म्हणून यात काही चूक नाही, वरच्या लोकांना लवकर एकमेकांसमोर आणायचं नाही हे बरोबरच आहे, पण तळाच्या माणसाने त्यासाठी किती वर्षं फी भरायची हा प्रश्न उरतोच.

मी गेलो त्या रोख बक्षिसाच्या ओपनमध्ये जवळपास सगळीकडे पूलनंतर शंभर टक्के लोक टेबलमध्ये जातात. आयोजकाला लोक परत यायला हवे असतात, सरळ कारण आहे. म्हणजे काहीही झालं तरी एक पंधरा टचची बाऊट पक्की, तीन मिनिटांचे तीन पीरियड, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती, कोच असेल तर तो दोन शब्द बोलणार, आणि एपी खऱ्या अर्थाने तिथेच सुरू होते. पाच टचमध्ये नशीब चालून जातं, पंधरा टचमध्ये समोरचा तुमची सवय शोधून काढतो आणि मग तुम्हाला दुसरी शोधावी लागते. काही ठिकाणी रेपेशाज पण ठेवतात, हरलेल्यांना परत एक संधी, मग दिवसभरात तीन-चार लांब बाऊट होतात. मला वैयक्तिक विचाराल तर माझा बचाव सुधारला तो अशाच दिवसांमुळे, मोजून दाखवता येणार नाही पण कोचलाही तसंच वाटतं.

आणि पैशामुळे एक चांगली गोष्ट होते जी मी आधी धरली नव्हती. ज्यांना पॉइंट्सची गरज उरलेली नाही असे लोक ओपनला येतात. निवृत्त झालेले, मोठ्या स्पर्धा सोडलेले, कोचिंग करणारे. रँकिंगच्या हॉलमध्ये हे लोक पिस्टच्या बाहेर खुर्चीवर असतात, इथे ते तुमच्यासमोर मास्क घालून उभे असतात. वयाने थोराड, पाय मंद, पण टोक असं चालतं की तुमच्या गार्डच्या वरून मनगटाला कधी लागलं कळत नाही. पंधरा वर्षांच्या मुलापासून ते पन्नाशीच्या माणसापर्यंत एकाच पूलमध्ये खेळायला मिळतं, आणि खेळून झाल्यावर हे जुने लोक बसून सांगतातही की तू हात आधी की पाय आधी काढत होतास. रँकिंगला प्रत्येकजण आपापल्या टेन्शनमध्ये असतो, त्यात त्यांचा दोष नाही.

तरी कुणी रँकिंगच धरावी? ज्याचं सिलेक्शन पॉइंट्सवर आहे त्याने, यात दुसरं मत नाही, ज्युनियर गटातली मुलं तर नक्कीच, कारण त्यांच्या हातात वर्षं मोजकी असतात आणि पॉइंट्स त्याच वर्षांत लागतात. ज्याला कटची भीती नाही, पूलमधून दर वेळी आरामात निघतो, त्याला पण रँकिंगमध्येच जास्त चांगले प्रतिस्पर्धी मिळतील, विशेषतः टेबलच्या पुढच्या फेऱ्यांमध्ये, तिथे ओपनची बरोबरी होत नाही हे मान्य. पुढे अमेरिकेतल्या कॉलेज टीमकडून खेळायचा विचार असेल तर रोख बक्षीस घेण्याआधी एनसीएए या तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचे हौशीपणाचे नियम नीट वाचा किंवा कॉलेजला सरळ लिहून विचारा, एखाद्या छोट्या पाकिटापायी पात्रतेचा घोळ नको. आणि सेबरवाल्यांचं वर सांगितलंच.

बाकीच्यांनी, म्हणजे नोकरी-अभ्यास सांभाळून खेळणारे, उशिरा सुरू केलेले, दुखापतीनंतर परत आलेले, त्यांनी माझ्या मते सीझनच्या बहुतेक वीकेंडला ओपन धरावी आणि एखादी रँकिंग ठेवावी, आपण कुठे आहोत ते कळायला. मी सध्या तेच करतोय. फक्त फी भरायच्या आधी आयोजकाला मेसेज करून तीन गोष्टी विचारून घ्या: पूलनंतर सगळे पुढे जातात का, बक्षिसाची रक्कम पक्की आहे की एन्ट्रीवर, आणि नॉकआउट पंधरा टचचं आहे की वेळ वाचवायला दहाचं केलंय. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं तर माझ्यासाठी तरी विषय तिथेच संपतो, बक्षीस कितीही असो.