लष्करी स्टॉकचा कार्बोरेटर

आधी हिशेब सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मी किती शहाणा आहे याचा अंदाज येईल. जीपचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, १८,५०० रुपये. ट्युनिंग २,५००. जुना कार्बोरेटर एक्स्चेंजमध्ये दिला म्हणून वजा १,५००. म्हणजे १९,५०० रोख. सहा महिन्यांनी माझाच जुना कार्बोरेटर मी परत विकत घेतला, त्याचे १२,०००. एकूण ३१,५००. आणि गाडीचा खरा बिघाड दुरुस्त झाला अर्ध्या वाटी थिनरमध्ये.

गाडी म्हणजे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप, सीजे-३बी. विलीजच्या परवान्यावर मुंबईत बनायच्या त्यातली. बॉनेट उंच दिसतं त्याला कारण आहे. आत २१९९ सीसीचं एफ-हेड इंजिन आहे, इनटेकचे वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. ते जुन्या इंजिनापेक्षा उंच म्हणून बॉनेटही वर गेलं. वडिलांनी ती १९७४ साली सेकंडहँड घेतली. कऱ्हाड-पाटण पट्ट्यात अशा जीपा पुष्कळ होत्या. पुढं पेट्रोल परवडेना तसं बहुतेकांनी इंजिनं काढून डिझेल टाकली. आमच्याकडं वडिलांच्या हट्टामुळं पेट्रोल राहिलं. त्यावर अमेरिकन कार्टर कंपनीचा वायएफ कार्बोरेटर, एक घशाचा, म्हणजे हवा जायला एकच वाट असलेला, साधा. चोकच्या दांडीला एकदा तडा गेला होता, तिथं आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पितळेचं झाळण दिलेलं. हे झाळण लक्षात ठेवा.

दुखणं दिवाळीच्या आसपास सुरू झालं. पावसाळाभर जीप शेडमध्ये उभी होती. चालू केली तर स्लोवर उभी राहीना. पाय ॲक्सिलेटरवर असेपर्यंत ठीक, उचलला की भुरभुर करून बंद. चोक अर्धा ओढून ठेवला की मात्र नीट चालायची. ही शेवटची खूण मी डोळ्यांनी पाहिली, कानांनी ऐकली, आणि तिचा अर्थ लावला नाही. चोक ओढला की हवा कमी जाते. हवा कमी केल्यावर इंजिन सुधारत असेल तर त्याला कुठून तरी जास्तीची हवा मिळतेय. मिस्त्रींच्या भाषेत 'एअर घेतंय'. मग आधी हवा शिरते ती जागा शोधायची, कार्बोरेटरला हात नंतर.

मिस्त्री आता मुलाकडं असतात, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांना कशाला त्रास, म्हणून एका ओळखीच्याच्या सांगण्यावरून शहरातल्या एका माणसाकडं गेलो. जुन्या जीपांचंच काम करतो, दुकानात भिंतभर जीपांचे फोटो. नाव-गाव लिहीत नाही. तो एकटा असता तर लिहिलं असतं कदाचित, पण असे बरेच आहेत आणि रीत सगळ्यांची एकच.

त्यानं बॉनेट उघडलं, एअर क्लीनर काढला, थ्रॉटलचा शाफ्ट, म्हणजे ॲक्सिलेटर दाबला की फिरणारी दांडी, दोन बोटांत धरून हलवला. "बघा दादा, शाफ्ट खेळतोय. बॉडी संपली." शाफ्ट खेळत होता, खोटं नाही. पन्नास वर्षं चाललेल्या कुठल्याही कार्बोरेटरचा थोडा खेळतोच. पण आदल्या वर्षी तो तेवढाच खेळत होता आणि गाडी ६०० आरपीएमवर घड्याळासारखी उभी राहत होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. वर तो म्हणाला, "आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. आतले डायफ्राम, पॅकिंगं सगळं खाल्लं असणार."

इथं मी गार झालो. अर्ध्या खऱ्यात गुंडाळलेलं खोटं पचायला हलकं असतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, खरं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं पेट्रोल सोडणारं भोक, म्हणजे जेट, तोच ठेवला तर मिश्रण थोडं पातळ होतं, पेट्रोल कमी पडतं, हेही खरं. आणि आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथंच इथेनॉल तयार होतं, म्हणजे आपल्याच उसानं आपली जीप खाल्ली, असं म्हणून मी हसलोसुद्धा. तो माझ्यापेक्षा जास्त हसला. पण इथेनॉलनं डायफ्राम गेला असेल तर डायफ्राम-पॅकिंगचं किट टाकतात, कार्बोरेटर बदलत नाहीत.

मग त्यानं दोन पर्याय ठेवले. पहिला, डबल बॅरलचा, म्हणजे दोन घशांचा, वेबर कंपनीचा कार्बोरेटर. "पिकअप दुप्पट होईल." हा पर्याय विकण्यासाठी नव्हताच, दुसरा परवडणारा वाटावा म्हणून होता. तरी जाता जाता सांगतो, कारण या मोहात पुष्कळ जण पडतात. २.२ लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा तेवढी हवा ओढतं. त्याची ७२ हॉर्सपॉवर मिळते ४००० आरपीएमला. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ४४०० लिटर, आणि प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून साडेतीन हजारांच्या आसपास. एवढ्याला एक घशाचा कार्टर पुरतो. घसा मोठा केला की हळू चालताना आतल्या हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट ओढलं जात नाही, थेंबाथेंबानं जातं. ओढ्यातून, दगडांतून लो गिअरला रांगत जायची गाडी आहे ही. तिला खालची ओढ हवी, वरची धाव नको. शिवाय कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठवायची एक वाटी असते, तिच्यातला तरंगता फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. उतारा-चढावर त्या वाटीतलं पेट्रोल कुठल्या बाजूला लवंडतं हेही बघावं लागतं. कुणी ॲम्बॅसिडरचा सोलेक्स बसवतो, कुणी मारुतीचा. सपाट रस्त्यावर चालतातही. घाटात कळतं.

दुसरा पर्याय त्यानं आतल्या खोलीतून आणला. तेलकट कागदात गुंडाळलेला, ग्रीसनं माखलेला, डब्यावर इंग्रजी आकडे छापलेले. "मिलिटरी स्टॉक. साठच्या दशकातला पॅक माल. ओरिजिनल कार्टर. दोनच राहिलेत." बावीस सांगितले, साडेअठरावर आला. उघडून दाखव म्हटलं तर म्हणाला, पॅक माल उघडला की किंमत जाते, मग घ्यावाच लागतो. आणि मी डोकं हलवलं. जुनी जीप पाळणाऱ्या माणसाला 'ओरिजिनल' आणि 'मिलिटरी' हे दोन शब्द एकत्र ऐकवले की त्याचा हात आपोआप खिशाकडं जातो.

बसवला, ट्युनिंग केलं, चक्कर मारली. गाडी छान. स्लोवर उभी राहिली. फक्त आवाज जरा चढा होता. "नवा आहे, बसेल हळूहळू." खरी गोष्ट अशी की त्यानं स्लो स्क्रू आवळून इंजिन हजार-बाराशेवर ठेवलं होतं आणि मिश्रण जाड केलं होतं. हवा जिथून शिरत होती तिथून शिरतच होती. फक्त तिच्यावर पेट्रोल ओतून ती झाकली होती. ट्युनिंगच्या नावाखाली बिघाड लपवायची ही जुनी युक्ती आहे. ओळखायची खूण म्हणजे चावी बंद केल्यावरही इंजिन दहा-बारा फेरे धडधडत राहतं. माझं राहायचं. मी त्याला नव्या कार्बोरेटरचा जोम समजत होतो.

ॲव्हरेज आठवरून पाचवर आलं. प्लग काढले तर काजळी. फोन केला की "चालवा अजून दोन टाक्या."

मे महिन्यात चिपळूणहून आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढत होतो. मागं पेट्या, शेजारी बायको, दुपारचं ऊन. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेट्रोलचा वास सुटला आणि गाडी बंद. नाक वर झालं की फ्लोटच्या वाटीतून पेट्रोल घशात सांडत होतं. थांबायचं, वास जाईपर्यंत वाट बघायची, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, पुन्हा दोन वळणं. मागं एसटी आणि ट्रकांची रांग. बायको एक शब्द बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडं गेलो. आधी जायला हवं होतं तिथं. त्यांना दिसत नाही फारसं, पण बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि ते नुसतं ऐकत उभे राहिले. मग इंजिनाच्या पोटातला धूर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या वाटेत, परत ओढणारी जी नळी असते, ती चाचपून शोधली, वॉल्व्हपासून सोडवली आणि तोंडावर अंगठा ठेवला. इंजिनाचा सूर तिथल्या तिथं बदलला. बोंबलणं थांबून भरीव आवाज आला. "हितनं हवा खातंय." तो छोटा वॉल्व्ह काढून त्यांनी कानाशी हलवला. चांगला असेल तर आतली पिन खुळखुळते. हा गप्प होता. शेडमधल्या पावसाळ्यात आतला चिकटा वाळून पिन उघडीच अडकलेली. स्लोवर हा वॉल्व्ह जवळपास मिटलेला असायला हवा, आणि आमचा सताड उघडा. अर्ध्या वाटी थिनरमध्ये तासभर बुडवला, खुळखुळायला लागला. संपलं.

मग तो 'मिलिटरी' कार्बोरेटर उघडला. नातवानं टॉर्च धरला, मिस्त्री बोटांनी बघत होते, मी डोळ्यांनी. फ्लोट प्लास्टिकचा. साठच्या दशकात पॅक झालेल्या कार्टरमध्ये पितळेचा फ्लोट हवा. बाहेरचा करडा जुनाटपणा थिनरच्या बोळ्यानं निघून आला आणि खाली लखलखीत नवी धातू. आकड्यांची पट्टी होती, पण आकडे हातानं ठोकलेले, एक वर एक खाली. मेन जेटच्या खाचेला पान्याच्या जखमा. न उघडलेल्या मालात त्या कुठून आल्या? जेटमध्ये जी बारीक निमुळती दांडी वरखाली होते, जिच्यावर या कार्बोरेटरचं पेट्रोल ठरतं, ती वाकडी. थ्रॉटलची तबकडी मिटवून बल्बसमोर धरली तर कडेनं चंद्रकोरीएवढा उजेड. माझ्या जुन्याचा शाफ्ट खेळत होता म्हणे!

दुकानात गेलो. तो अजिबात चिडला नाही, चहा मागवला. "कार्बोरेटरला आणि इलेक्ट्रिकलला गॅरंटी नसते दादा." बिल काढलं मी. बिल कसलं, चिठ्ठीच. 'कार्ब. १ नग.' ना कंपनी, ना मॉडेल, ना दुकानाचा शिक्का, ना जीएसटी. वकील असलेला चुलतभाऊ म्हणाला, ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंदही होते, सगळं खरं, पण तू काय विकत घेतलंस हे या कागदावरून देवालासुद्धा सांगता येणार नाही. तक्रार नोंदवली आहे. बघू. किमान माझा जुना दे म्हटलं तर "तो भंगारात गेला."

भंगारात गेला नव्हता. जुलैत एका मित्रानं मोबाइलवर फोटो पाठवला, 'बघ, दुर्मीळ ओरिजिनल कार्टर, चौदा सांगतायत, तुला हवा होता ना.' चोकच्या दांडीवर पितळेचं झाळण. घासूनपुसून चमकवला होता, पण झाळण कुठं जाणार? मित्रालाच पुढं करून बारात घेतला. बायकोला आठ सांगितले.

मिस्त्रींनी किट टाकलं, फ्लोटची उंची बसवली, आणि मग ज्या क्रमानं ट्युनिंग करायला हवं त्या क्रमानं केलं. आधी टॅपेट, म्हणजे वॉल्व्हचा गॅप, थंड इंजिनावर. मग प्लग आणि पॉइंटचा गॅप, मग ठिणगीचं टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. या चारात काही चुकलं असेल तर कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून ते फक्त दुसऱ्या जागी सरकतं. इंजिन पुरतं तापवून, मॅनिफोल्डला तिथली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावून, मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जिथं काटा सगळ्यात वर आणि स्थिर तिथं थांबायचं, मग स्लो स्क्रूनं आरपीएम खाली, पुन्हा मिश्रण. काटा साडेसतरा इंचांवर येऊन उभा राहिला. समुद्रसपाटीला थोडा जास्त दिसतो, दर हजार फुटांना साधारण एक इंच उतरतो, त्यामुळं कऱ्हाडला एवढा पुष्कळ. गेज मी मागवला, दोन हजारांच्या आत. आधी असता तर दुकानाची पायरी चढलो नसतो. आता कुठलाही पार्ट उतरवायला दिला की आधी खूण करतो, फोटो काढतो, आणि जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणतो, मोडका असला तरी.

मागच्या आठवड्यात विट्याच्या एका पोराचा फोन आला. त्यानंही जुनी पेट्रोल जीप घेतलीय, माझं नाव कुणीतरी सांगितलं. एका ठिकाणी लष्करी स्टॉकचा कार्टर मिळतोय, चोवीस हजार, घेऊ का म्हणून. मी म्हटलं, आत फ्लोट पितळेचा आहे का प्लास्टिकचा, एवढं फक्त बघून सांग. अर्ध्या तासानं त्याचा फोन. "काका, ते म्हणतात पॅक उघडला तर घ्यावाच लागेल."