झाड दत्तक योजना: पाटी चकचकीत, टँकर मात्र मे महिन्यात गायब

सांगलीतल्या एका संस्थेची ही योजना. झाडामागे 3,500 रुपये भरायचे, ते रस्त्याकडेला झाड लावून तीन वर्षं सांभाळतात. विश्रामबागेत माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर मी दोन घेतली, एक करंज, एक बहावा. दुसरा उन्हाळा सरला, दोन्ही जगली आहेत. तेव्हा घ्यायला हरकत नाही, पण हिशेब बघून घ्या.

पावतीवर खर्चाची फोड असते, हे आवडलं. रोप 600, खड्डा-माती-शेणखत 500, जाळी आणि पाटी 1,400. उरलेले 1,000 तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचे. म्हणजे पाण्यापेक्षा लोखंड महाग! जाळीचा भाव मला कुणी सांगायला नको. पट्टी पातळ, वेल्डिंग नुसतं टेकवल्यागत, पहिल्याच पावसात गंज धरला. पाटी मात्र स्टीलची, आईचं नाव लांबून वाचता येतं. बहावा बांबूला नायलॉनच्या दोरीनं आवळला होता. खोड जाड होत गेलं तशी दोरी सालीत रुतली. शेवटी मीच ती कापली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधली.

खड्ड्याचं काम मात्र एक नंबर. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्यांच्या मुकादमानं तीन फूट खोल खणून तळाला विटांचे तुकडे टाकले, वर लाल माती आणि शेणखत कालवून भरलं, आळं करून उसाचं पाचट अंथरलं. रोपंही पुरुषभर उंचीची होती. टँकर मार्चपर्यंत दर आठवड्याला यायचा. मे महिन्यात फोन केला की "उद्या बघतो, साहेब." मग दुकानातलं पोरगं बादल्या ओतायचं.

शेजारचे म्हणतात, घरपट्टीत वृक्षकर भरतोच की, मग हे वर कशाला? प्रश्न रास्त आहे. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं हा उपकर घेता येतो, आणि तो झाडांवरच खर्चायचा असतो. पण रस्त्यावरचं प्रत्येक झाड त्यात सांभाळून होईल, असं मी धरून चालत नाही. त्याच कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली: तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं जगवायची. कायदा सात वर्षं धरतो, ही योजना तिसऱ्या वर्षी हात झटकते. पुढच्या चार वर्षांसाठी थोडे पैसे घ्या म्हटलं, तर तशी सोयच नाही म्हणे.

देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी 80जी ची पावती मिळते, पण नवी करप्रणाली निवडली असेल तर तिचा उपयोग नाही.

आता दुकानाच्या मागच्या बोळासाठी एक कडुनिंब सांगणार आहे. पाटी नको, तिचे पैसे मे महिन्याच्या टँकरला लावा, असं अर्जावरच लिहून देतो. तूर्त पाचपैकी साडेतीन.