गिनी कोंबड्यांचे लोखंडी खुराडे : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

चोपडा तालुक्यातील आमच्या मळ्यात 2024 च्या जुलैत गिनी कोंबड्यांची दीड महिन्याची 24 पिल्ले आणली आणि त्यांच्यासाठी जवळच्याच एका वेल्डिंगवाल्याकडून दहा फूट लांब, आठ फूट रुंद व सात फूट उंच असे लोखंडी खुराडे करून घेतले. जागेवर बसवून देण्यासह 34,000 रुपये खर्च आला. गावठी कोंबड्यांसाठी एवढा खर्च मी केला नसता. गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेतली, आणि माणसाळली तरी तिचा रानटी स्वभाव पुरता गेलेला नाही. दिवसभर ती कपाशीत आणि केळीच्या बागेत किडे वेचत फिरते आणि दिवेलागणीला खुराड्यात शिरावेसे वाटले नाही, तर सरळ निंबावर जाऊन बसते. सातपुड्याच्या पायथ्याला रानमांजर आणि घुबड रात्रभर हिंडत असताना उघड्या फांदीवर बसलेला पक्षी सकाळी दिसेलच, याची खात्री नसते.

या खुराड्याची सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे त्याची उंची. आत पाच फुटांवर बसायचे दांडे आहेत आणि ते सर्व एकाच पातळीवर असल्यामुळे वरच्या जागेसाठी भांडणे होत नाहीत. दांडे मात्र एक इंची लोखंडी पाइपाचे होते. त्यांवरून पाय घसरत आणि थंडीत ते गार पडत, म्हणून आम्ही त्यांवर बाभळीचे जाड दांडके बांधले.

दाराची चूक अधिक मोठी होती. वेल्डिंगवाल्याने कोंबड्यांच्या अंदाजाने दीड फुटाचे दार ठेवले होते. सगळे पक्षी बाहेर सोडू लागल्यावर पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सगळा थवा जाळीला लागून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालायचा, माना आत वळवून ओरडायचा आणि दोन हातांवर असलेले उघडे दार त्यांना सापडायचे नाही. शिवाय अंधारात या पक्ष्याला नीट दिसत नाही आणि काळोख्या जागेत तो पाऊल टाकत नाही. दार साडेतीन फूट रुंद करून घेतले आणि आत सूर्यास्तानंतर आपोआप लागणारा सौर दिवा बसवला, तेव्हा तिसऱ्या संध्याकाळी आमच्या सालदारांना एकही पक्षी हाकावा लागला नाही. लोडशेडिंगमुळे विजेचा दिवा इथे भरवशाचा नाही, त्यामुळे सौर दिव्याचे 700 रुपये मला या सगळ्या खर्चात सर्वात सार्थकी लागलेले वाटतात.

माझी खरी तक्रार जाळीविषयी आहे. खालच्या भागाला साधी षटकोनी मुर्गाजाळी लावलेली होती. ही जाळी कोंबडी आत ठेवते, शिकारी प्राण्याला बाहेर ठेवत नाही. डिसेंबरातल्या एका पहाटे मुंगसाने जाळीखालची माती उकरून आत प्रवेश केला आणि तीन पक्षी गेले. चौथ्याचा पाय जाळीबाहेर ओढलेला होता, तोही वाचला नाही. मी तक्रार केल्यावर वेल्डिंगवाल्या भाऊंनी मजुरी न घेता चार फुटांपर्यंत अर्ध्या इंची वेल्डेड जाळी बसवली आणि भोवताली दीड फूट जाळी जमिनीत आडवी पुरून दिली. त्यांचा हा प्रामाणिकपणा मी आवर्जून नोंदवतो, पण हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. त्यानंतर आतला एकही पक्षी गेलेला नाही.

पत्र्याचे छत मे महिन्यात भट्टीसारखे तापते. त्यावर केळीची पाने आणि पऱ्हाट्या टाकाव्या लागतात.

खुराडे कितीही चांगले असले, तरी पक्ष्याला ते आपले घर आहे हे शिकवावे लागते. आम्ही पिल्ले सहा आठवडे आतच कोंडून ठेवली, मग आधी पाचच सोडली. आत राहिलेल्यांच्या ओरडण्यामुळे ती पाच संध्याकाळी परत आली आणि हळूहळू सगळी सोडता आली. दुपारनंतर बाहेर दाणा द्यायचा नाही आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी आत बाजरी टाकून डबा वाजवायचा, हा नेम आजही मोडलेला नाही. दादर ज्वारीही ते खातात, पण बाजरीच्या डब्याच्या आवाजाला केळीच्या पलीकडून धावत येतात.

अंडी घालणाऱ्या माद्यांपुढे मात्र कोणतेही खुराडे अपुरे पडते. गवतात लपवलेल्या अंड्यांवर त्या रात्री बाहेरच बसतात. गेल्या पावसाळ्यात अशा दोन माद्या गमावल्या, एकीची तर फक्त ठिपक्यांची पिसे बांधावर सापडली. आता त्या दिवसांत दुपारपर्यंत दार उघडत नाही, त्यामुळे बरीच अंडी आतच मिळतात, आणि रोज रात्री मोजल्याशिवाय कडी लावत नाही.

धाकट्या भावाच्या शेतासाठी याच वेल्डिंगवाल्याकडे दुसरे खुराडे सांगितले आहे. रुंद दार, लाकडी दांडे आणि वेल्डेड जाळी या तिन्ही गोष्टी या वेळी कागदावर लिहून दिल्या, मगच आगाऊ रक्कम दिली.