ओसीटी की डिफ्यूज इमेजिंग? सोलापूरच्या एमएस्सीवाल्यांसाठी

प्रोजेक्टचे दिवस आले की फिजिक्सची पोरं विचारतातच, सर टिश्यूच्या आत प्रकाशानं बघायचंय, ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, सरळ परत आलेल्या प्रकाशावरून आतल्या थरांचं चित्र) घेऊ का डिफ्यूज (आत भरकटून बाहेर आलेल्या प्रकाशावरून अंदाज)? आधी किती खोल बघायचंय ते ठरवा, मग निम्मा प्रश्न सुटतो.

टिश्यूत प्रकाश साधारण 0.1 मिमी गेला की धडकून दिशा बदलतो. 1 मिमी आत जाऊन परत यायचं म्हणजे 2 मिमी, तेवढ्या वाटेत कुठंच न धडकलेला फोटॉन 48 कोटींत जेमतेम एक. ओसीटी नेमकं असल्याच फोटॉनवर चालतं, म्हणून तर चित्र इतकं सुरेख येतं, 840 नॅनोमीटरचा सोर्स आणि 50 नॅनोमीटरची बँडविड्थ (तरंगलांबीचा पट्टा) असेल तर 6 मायक्रॉनपर्यंतचं दिसतं, डोळ्याचे डॉक्टर रेटिनाचे थर वेगवेगळे बघतात ते यावरच. पण 2 मिमीच्या आसपास खेळ खल्लास. आणि पॉवर वाढवू म्हणाल तर दहापट केली तरी खोली वाढते फक्त 0.1 मिमीच्या आसपास, हे गणित एकदा स्वतः करून बघाच.

डिफ्यूजवाले भरकटलेले फोटॉनच वापरतात, त्यामुळे काही सेंटिमीटर आतलं कळतं, पण ढोबळ, 3 सेंमी खाली असेल तर 5-6 मिमीपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही. कारण आतली रचना थोडी बदलली तरी बाहेर येणारा प्रकाश जवळपास तसाच राहतो आणि तो फरक नॉइजमध्ये बुडतो, मग सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे.

माहिती नष्ट होते असं मात्र नाही, ती विस्कटते. 2007 मध्ये व्हेलेकूप आणि मोस्क या फिजिसिस्टांनी आत जाणारी लहर आधीच हवी तशी घडवून पांढऱ्या पेंटच्या थरापलीकडं प्रकाश फोकस करून दाखवला. जिवंत टिश्यूत रक्त वाहतं, विस्कटण्याचा पॅटर्न मिलिसेकंदात बदलतो, तिथं हे फार अवघड.

फोटोअकूस्टिक दोन्हीच्या मधलं, प्रकाश आत आणि आवाज बाहेर, पण नॅनोसेकंद पल्सचा लेझर लागतो, कॉलेजच्या बजेटात विसरा.

माझं मत डिफ्यूजला. काचेचं भांडं, पाणी, दूध, लाल लेझर, फोटोडायोड (प्रकाश मोजणारा सेन्सर), बास. दुधाचे थेंब टाकत गेलात की लेझरची रेष पसरून सगळं भांडंच लाल होतं, मग अंतराप्रमाणं रीडिंग घ्या. फक्त एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं दूध दुपारपर्यंत नासतं, फाटलं की स्कॅटरिंग बदलतं, म्हणून रीडिंग सकाळीच उरका. ज्याला ओसीटीचीच हौस आहे त्यानं लॅबमधल्या मायकेलसन इंटरफेरोमीटरवर पांढऱ्या एलईडीच्या फ्रिंजेस (उजेड-अंधाराचे पट्टे) शोधाव्यात, ओसीटीचं तत्त्व तेच, चिकाटी लागेल पण जमतं.